रशियन बाईंचा जॉबर

ही हकिगत लिहायचं मी आजवर टाळत आलो. आमच्या संगीत मंडळाच्या स्मरणिकेसाठी तीन वेळा मागणी झाली आणि तिन्ही वेळा मी दुसरंच काहीतरी लिहून दिलं. एकदा हार्मोनियमच्या निगराणीवर, एकदा श्रोत्यांच्या शिस्तीवर, आणि एकदा, आठवलं की अजून कान गरम होतात, 'कलावंताचा प्रामाणिकपणा' या विषयावर. आता डोळ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाली, जिने चढणं बंद झालं आणि ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूसही राहिला नाही. तेव्हा सरळच सांगतो. सोलापूरने पैलवान दिले, नटनट्या दिल्या, चादरी तर घरोघर दिल्या. पण कधीही न पाहिलेल्या एका रशियन बाईच्या संगीतावर अख्खं आयुष्य ओवाळून टाकणारा माणूस या गावाने एकच दिला, आणि तो टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होता. या माणसाबद्दल मी एकदा भर सभेत, माइकवरून, एक वाक्य बोललो. ते खोटं होतं. त्याने ते खरं मानलं आणि तीस वर्षं मानत राहिला. मला ते परत घ्यायचं आहे.

जॉबर म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा कारागीर. सोलापुरात असे जॉबर पुष्कळ, पण नुसतं 'जॉबर' म्हटलं की आमच्या भागात याचंच दार दाखवत. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर असेल, पण रेशनवालाही त्याला जॉबरच म्हणायचा. शेडमध्ये चाळीस माग एका वेळी खडखडत असत, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नसे, अशा गदारोळात हा दारातच चप्पल काढता काढता सांगायचा, "सात नंबर रडायलाय बघा." आणि सात नंबरच्या मागाचा खरोखर कुठलातरी खिळा ढिला झालेला असायचा. ही विद्या कारखान्यात ठेवून घरी यावं हे त्याला कधी जमलं नाही. कुणाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत तो मांडवामागे जाऊन जनरेटरवाल्याला पट्टा सैल असल्याचं सांगून येई. रिक्षात बसला की मीटरऐवजी इंजिनाकडे लक्ष. दवाखान्यात छाती दाखवायला गेला आणि डॉक्टरांनाच म्हणाला, "माझं असू द्या, तुमच्या पंख्याचं बेअरिंग आधी बघा." आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आला तेव्हा अर्धा कप खाली ठेवून भिंतीवरच्या घड्याळासमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, ह्ये लंगडतंय की. टिक बरोबर हाय, टॉकला पाय वडतंय." बारा वर्षं ते घड्याळ आमच्या घरात होतं. त्या दिवसापासून मलाही ते लंगडताना ऐकू येऊ लागलं आणि माझी झोप गेली.

लग्नसराईत तो बँडमध्ये अकॉर्डियन वाजवायचा. अकॉर्डियनला तो बाजा म्हणत असे. लाल कोट, सोनेरी झालर, डोक्यावर तुरा, आणि या सगळ्या थाटात एक अत्यंत दुःखी चेहरा. वरातीच्या धांगडधिंग्यात मध्येच त्याचा एखादा स्वर सुटायचा आणि लांबतच जायचा, लांबतच जायचा. एकदा तर नवरदेवाचा घोडा थांबला. पुढे ओढूनही हलेना. बँडमास्तर संतापून म्हणाले, "जॉबर, पोरगा लग्नाला चाललाय, त्येला घाटावर न्यायचा न्हाई." जॉबर शांतपणे म्हणाला, "घोड्याला कळालं. तुमाला न्हाई कळालं, त्येला मी काय करू?" त्यानंतर त्याला कायमचं शेवटच्या रांगेत, ढोलाच्या मागे घालण्यात आलं.

त्या काळी गावोगाव रशियन पुस्तकांची प्रदर्शनं भरत. जाड गुळगुळीत कागदाची पुस्तकं, गोष्टींची, यंत्रांची, आणि एका कोपऱ्यात ग्रामोफोनच्या तबकड्या. जॉबर यंत्राचं पुस्तक बघायला गेला आणि तबकडी घेऊन आला. तिच्या वेष्टणावर एक माणूस बटणांचा बाजा छातीशी धरून, डोळे मिटून बसला होता. अक्षरं सगळी रशियन. जॉबरच्या घरी तबकडी वाजवायचं यंत्र नव्हतं. माझ्याकडे होतं. मी शाळामास्तर, हार्मोनियमचा विशारद आणि मंडळाचा चिटणीस; गावात संगीतातलं काही विचारायचं तर माझ्याकडे यायची पद्धत होती. तो दारात उभा राहून म्हणाला, "सर, ह्यो माणूस वाजवत न्हाई. बाज्याला धरून रडायलाय. का रडतोय, बघू की जरा."

मी तबकडी लावली. पहिलं मिनिटभर स्वरच नाही. नुसता भाता उघडतोय आणि मिटतोय, हवा आत, हवा बाहेर. स्वयंपाकघरातून आमची ही विचारती झाली, "अहो, कुणाला दम लागलाय?" मी म्हणालो, "तबकडी खराब दिसते." जॉबरने हात वर केला. "थांबा सर. श्वास घेतोय. बोलायच्या आधी माणूस घेतो की नाही, तसा." आणि मग त्या श्वासातून एक स्वर आला. बारीक, थरथरता, विहिरीच्या तळाशी कुणीतरी दिवा लावावा तसा. त्यानंतर काय काय झालं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. तो राग नव्हता, चाल नव्हती, ठेका नव्हता. हाक होती. तबकडी संपली तशी जॉबरने सुई उचलून पुन्हा पहिल्या कडेवर ठेवली. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो, की त्या दुपारी मला ते कळलं होतं. तो पहिला श्वास कशासाठी आहे, हे मला पुरतं कळलं होतं.

वेष्टणाच्या मागे चार ओळी इंग्रजीत होत्या, त्या मी त्याला वाचून दाखवल्या. रचना करणारी एक बाई होती. तिचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. तिच्या लेखी संगीत म्हणजे प्रार्थना होती, आणि तिच्या देशात त्या दिवसांत उघड प्रार्थना केलेली वरच्या लोकांना खपत नसे. जॉबरने हे दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजे बाईंना तोंडानं देवाला हाक मारता येईना, म्हणून भात्यानं मारली." पुढे मी त्या बाईंवर पुष्कळ विद्वानांचं लिहिलेलं वाचलं, पण याच्या पलीकडचं कुणी काही सांगितलेलं मला आढळलं नाही.

त्या दिवसापासून ती 'बाई' झाली. वेष्टणावर तिकिटाएवढा फोटो होता, तो त्याने फोटो स्टुडिओतून वहीएवढा मोठा करून आणला आणि घरात विणकरांचे मूळपुरुष मार्कंडेय महामुनी यांच्या तसबिरीशेजारी लावला. फोटोत बाईंचे केस कपाळावर आले होते आणि नजर थेट समोर. जॉबरच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि मला म्हणाल्या, "सर, सवत आणली तर आणली, निदान केस विंचरलेली तरी आणायची की!" पण सणावाराला महामुनींना हार घालताना एक फूल त्या बाईंच्याही फोटोला खोचत. विचारलं तर म्हणत, "घरात हाय म्हणल्यावर उपाशी कशी ठेवायची?"

कारखान्याला सुट्टी असली की जॉबर बाजा घेऊन माझ्याकडे यायचा. नोटेशन त्याला येत नव्हतं आणि येत असतं तरी ते रशियातून कोण आणणार? तो दोन ओळी ऐकायचा, वाजवायचा, मान हलवायचा, पुन्हा ऐकायचा. त्याच्या बाज्याला बटणं नव्हती, पेटीसारख्या पट्ट्या होत्या. जे बसत नाही ते तो कोपराने, हनुवटीने, काय वाटेल त्याने बसवायचा. दोन वर्षं लागली. तबकडीवर एका जागी ओरखडा होता आणि तिथे सुई चार वेळा मागे उडी मारायची. त्याने ती उडीही बसवली. तोच तुकडा चार वेळा, अगदी मापात. मी म्हणालो, "जॉबर, तो ओरखडा आहे." तो म्हणाला, "असंल. पण चार वेळा हाक मारल्याशिवाय कोन ओ देतंय?" पुष्कळ वर्षांनी त्याच्या मुलीने मोबाइलवर मूळ रचना ऐकवली, तेव्हा त्या जागी एकदाच वाजलेलं ऐकून तो हळहळला होता. "हितं बाईंनी घाई केली," म्हणाला.

आता ते सांगतो. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात जॉबरला वाजवायला लावायचं हे मीच ठरवलं. तो नको म्हणत होता, मीच गळी उतरवलं. सूत्रसंचालनही माझ्याकडेच होतं. पुढच्या रांगेत मंडळाचे आश्रयदाते बसलेले. त्यांच्या मेहेरबानीवर आमचं सभागृह, सतरंज्या, सगळंच चालायचं. जॉबर लाल कोट घालून बसला, कारण त्याच्याकडे तेवढाच कोट होता, आणि त्याने भाता उघडला. हवा आत, हवा बाहेर. मागून कुणीतरी घोरल्याचा आवाज काढला. हशा पिकला. आश्रयदात्यांनी घड्याळ पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. जॉबरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो डोळे मिटून त्या पहिल्या स्वराकडे चालला होता. अजून वीस सेकंद थांबलो असतो तर स्वर आला असता. मी माइक उचलला आणि म्हणालो, "रसिकहो, क्षमा असावी. वाद्याचा भाता फुटल्यामुळे हा कार्यक्रम आपण इथेच थांबवत आहोत."

लोकांनी सुटकेच्या टाळ्या वाजवल्या. जॉबरने डोळे उघडले. तो रागावला असता तर मी आज मोकळा असतो. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने वाकून भात्याला कान लावला. विंगेत आल्यावर विचारलं, "फुटलाय व्हय, सर?" आणि मी, त्याच्या डोळ्यांत बघून, म्हणालो, "हो. गळतोय. स्पष्ट ऐकू येतंय." तो म्हणाला, "मला न्हाई आलं. पण तुमचा कान शिकलेला हाय."

माइकवरचं वाक्य उघडं पडेल म्हणून भिऊन मी विंगेत हे दुसरं बोललो, आणि दुसऱ्याने घात केला. भीती होतीच, पण नुसती भीती नव्हती. बारा वर्षं पेटी घासून मला जे मिळालं नव्हतं ते एका माग दुरुस्त करणाऱ्याला सापडलं होतं, आणि त्या क्षणी ते लोकांना न कळण्यात मला कुठेतरी बरंही वाटलं. हेही लिहूनच टाकतो.

मग जॉबरने ती गळती शोधायला घेतली. ज्याला शेडच्या दारातून सात नंबरचा खिळा ऐकू यायचा, त्याला स्वतःच्या बाज्यातलं भोक सापडेना. सापडणार कसं? नव्हतंच. त्याने घडी न् घडी उसवली, चामड्याचे कोपरे बदलले, साबणाचं पाणी लावून फुगे येतात का पाहिलं. मग उदबत्तीची युक्ती काढली. बाजा मांडीवर घ्यायचा, भाता हळू दाबायचा आणि पेटती उदबत्ती कडेकडेने फिरवायची. धूर जिथे हलेल तिथे भोक. रोज सकाळी दारात बसून तो हे करायचा. येणारेजाणारे विचारत, "काय जॉबर, बाज्याची पूजा?" काही दिवसांनी लोकांनी 'फुटका भाता' असं नावच पाडलं, आणि भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळे ते हसत हसत वापरू लागले. जॉबरच्या विक्षिप्तपणाचे जे किस्से आमच्या भागात सांगतात, त्यात ही उदबत्ती सगळ्यांत वर असते. मीही त्या हसण्यात सामील व्हायचो. ती उदबत्ती मी लावली होती, हे कुणालाच माहीत नव्हतं.

त्याने बँड सोडला. "लोकांच्या शुभकार्यात फुटका बाजा कशाला?" म्हणाला. घरातल्या घरात वाजवायचा, लोकांसमोर कधी नाही. माझ्यावरचा त्याचा विश्वास मात्र वाढतच गेला. दिवाळीला वहिनींच्या हातच्या शेंगाचटणीचा डबा न चुकता यायचा. एकदा, निवृत्त झाल्यावर, माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "सर, लई मशिनी उघडल्या. एकबी अशी न्हाई जिचं दुखणं मला घावलं न्हाई. हीच एक. बाज्यात न्हाई घावलं, म्हंजे गळती माझ्यातच असंल." मी म्हणालो, "छे, छे, असं काही नसतं," आणि चिवड्याची बशी पुढे सरकवली. माणूस किती हलका होऊ शकतो याचं माप मला त्या बशीवरून कळलं.

अशी वर्षं गेली. मग एका चैत्रातल्या भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं अशा उन्हात, जॉबर आमच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे लाल. म्हणाला, "सर, बाई गेल्या." आमच्या हिने हातातलं ताट खाली ठेवून पदर डोळ्याला लावला. तेवढ्यात जॉबरच्या मागून छत्री मिटत वहिनीच आल्या. "रडू नका ताई, मी हाय की! ती ह्येंची रशियातली गेली. सकाळपासून जेवला न्हाई ह्यो माणूस. माझा बाप गेला तवा दोन वेळा जेवला होता, मला याद हाय."

जॉबरने दहा दिवस सुतक पाळलं. आणि अकराव्या दिवशी जाहीर केलं की बाईंची श्रद्धांजली सभा होणार आणि तीत तो वाजवणार. मी चपापलो. "अहो, पण भाता?" हा शब्द माझ्या तोंडातून गेला, याची लाज वाटते. तो म्हणाला, "घरचं माणूस गेल्यावर आपला आवाज फाटलाय म्हणून कोन रडायचं थांबतंय व्हय, सर? पण बाईंसाठी मी समदा भाताच नवा बांधनार. जुन्यातली एकबी घडी ठेवनार न्हाई. मग कुटं गळंल?" आणि महिनाभर हा ऐंशीच्या घरातला माणूस पुठ्ठे कापत, कातडं शिवत, सरस शिजवत बसला.

विणकर समाजाचं मंगल कार्यालय एका रविवारी सकाळी फुकटात मिळालं, कारण त्या दिवशी मुहूर्त नव्हता. आपल्याकडे माणूस गेलं की चौकात फ्लेक्स लागतो, तसा बाईंचाही लागला. मधोमध बाई, गळ्यात छापील हार, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि खाली गॉगल लावलेल्या अकरा जणांचे हात जोडलेले फोटो, 'शोकाकुल : समस्त जॉबर मित्रमंडळ'. मी चौकात उभा असताना दोन माणसं तो बघत होती.

"ह्या कोन?"

"जॉबरच्या बाई."

"कुटं असायच्या?"

"रशियात."

"मग लेक हितं दिली असंल."

या हिशेबाने अडीचशे माणूस आलं. मंडळाचे दहाबारा जाणकार, बँडमधले जुने साथीदार, आणि बाकी सगळे कारखान्यातले निवृत्त विणकर, त्यांच्या बायका, सुना. ज्यांचं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं त्यांतल्या निम्म्यांना कमी ऐकू येतं. श्रद्धांजली आहे, जायला पाहिजे, एवढंच त्यांना माहीत. जॉबरच्या आग्रहाखातर पंखे बंद केले होते. बाहेर सोलापूरचं ऊन, आत अडीचशे माणसं आणि हवेची झुळूकही नाही. मंडळाच्या नव्या लोकांनी सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात घातलं. "सर, तुमच्याशिवाय कोण?" तोच माणूस, तोच माइक.

मी चार वाक्यं बोललो आणि शेवटी म्हणालो, "आपण सर्व जण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. श्रद्धांजलीची रीत ठरलेली आहे. बोलणाऱ्याने 'ओम शांती' म्हणेपर्यंत कुणी बसायचं नाही. मी घड्याळ बघत होतो. आणि त्या शांततेत जॉबरने, ही वेळ आपलीच आहे असं समजून, भाता उघडला.

हवा आत. हवा बाहेर.

माझ्या हातात माइक होता. 'ओम शांती' ओठांवर होतं. दोन मिनिटं झाली. ते दोन शब्द बोललो असतो तर खुर्च्या वाजल्या असत्या, लोक खोकले असते, कुजबुजले असते, आणि तो श्वास दुसऱ्यांदा मेला असता. मी माइकचं बटण बंद केलं आणि माइक खाली ठेवला. माझ्या आयुष्यातलं एवढंच एक काम मी नीट केलं आहे.

कुणी बसलं नाही. सांगितल्याशिवाय बसायचं कसं? अडीचशे माणसं उभी, माना खाली, आणि त्यांच्यातून तो स्वर आला. मग दुसरा. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कुणी पदरही हलवला नाही. हळूहळू माना वर झाल्या. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते भात्याकडे बघत होते. तो उघडायचा तेव्हा त्यांच्या छात्या भरायच्या, मिटायचा तेव्हा रिकाम्या व्हायच्या; पुढच्या रांगेतली म्हातारी विणकर मंडळी बाज्याबरोबर श्वास घेत होती. चार वेळा तीच हाक आली, आणि चौथ्या वेळी माझ्या शेजारच्या माणसाच्या तोंडून, त्याच्या नकळत, "ओ" असं निघालं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे डोळे जॉबरवर नव्हते, मंचावर लावलेल्या बाईंच्या फोटोवर होते. एकोणीस मिनिटं. गुडघ्याची दुखणी, साखरेचे आजार, सगळं विसरून सोलापूरची अडीचशे माणसं एकोणीस मिनिटं उभी राहिली. जगातल्या मोठमोठ्या सभागृहांत त्या बाईंना मान मिळाला असेल, पण असा उभ्याने मिळाला असेल असं मला वाटत नाही.

शेवटचा श्वास बाहेर गेला. सगळं थांबलं. टाळ्या कुणी वाजवेना, कारण श्रद्धांजलीत टाळ्या वाजवत नाहीत. सगळे तसेच उभे. शेवटी जॉबरने डोळे उघडले, समोर एवढी माणसं उभी बघून घाबरला आणि म्हणाला, "बसा की आता!" आधी हशा फुटला, मग टाळ्या. त्या थांबेचनात. बँडमास्तर, नव्वदीचे, काठी टेकत मंचावर आले आणि म्हणाले, "घोड्याला कळालं होतं रे!" एका विणकराला मी विचारलं, "काय, ऐकू आलं का?" तो डोळे पुसत म्हणाला, "ऐकायला कमीच आलं सर, पण दिसलं की समदं." लोक "पुन्हा, पुन्हा" म्हणून ओरडायला लागले, आणि जॉबरने ते सगळं पुन्हा वाजवलं, या वेळी लोकांना बसवून. श्रद्धांजलीला वन्समोअर मिळालेला माझ्या माहितीत दुसरा कलावंत नाही.

इथे थांबता आलं असतं तर किती बरं होतं. पण जॉबरने माइक मागून घेतला. बोलायची त्याला सवय नव्हती, तरी बोलला. "तीस वर्षांमागं मी ह्येच वाजवायला बसलो होतो. बाजा फुटका होता. मला कळालं न्हाई, सरांच्या कानाला कळालं. त्येंनी मला थांबवलं, म्हणून माझी अब्रू ऱ्हायली. आता भाता नवा बांधला आणि बघा, लागलं! त्या दिवशी सर खरं बोलले म्हणून आज ह्ये झालं." आणि त्याने मला मंचावर ओढलं आणि एक सोलापुरी चादर माझ्या खांद्यावर घातली. अडीचशे माणसांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी वाकून नमस्कार केला. मी चादर घेऊन उभा राहिलो. बोललो काहीच नाही. त्याच्या एवढ्या मोठ्या दिवशी त्याला काय सांगायचं, असं तेव्हा मनाशी म्हणालो. पण खरं कारण टाळ्या हे होतं.

त्यानंतर मी तीनदा त्याच्या घरी गेलो. पहिल्यांदा पाहुणे होते. कुणी मुलाखत घ्यायला आलं होतं आणि जॉबर त्याला त्याच्या मोटरसायकलचा दोष समजावून सांगत होता. दुसऱ्यांदा दोघंच होतो. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "जॉबर, तुमच्या त्या बाज्याबद्दल एक सांगायचं राहिलंय." त्याचा चेहरा उतरला. चहाचा कप ठेवून तो लगबगीने उठला, "परत गळतोय व्हय, सर?" म्हणाला आणि खोक्यातून बाजा काढून भात्याला कान लावला. तीस वर्षांपूर्वी लावला होता तसा. मी घाईने म्हणालो, "नाही, नाही, उत्तम आहे, अगदी उत्तम." त्याला इतकं बरं वाटलं की त्याने वहिनींना हाक मारून माझ्यासाठी भजी तळायला सांगितली. ती मी खाल्ली.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दारात चपलांची गर्दी होती. पहाटे झोपेतच गेला होता. वहिनी म्हणाल्या, "काल सांजच्याला वाजवलं. म्हणाला, आता कुटंबी गळत न्हाई." तेराव्याला मला बोलायला सांगितलं. त्याच्या कानाबद्दल, त्याच्या बाईंबद्दल, त्या एकोणीस मिनिटांबद्दल मी बोललो, लोक हसले, रडले. ते एक सोडून सगळं बोललो.

ते इथे लिहितो. जॉबर, त्या दिवशी तुमचा भाता फुटलेला नव्हता. टाचणीएवढंही भोक त्यात नव्हतं, आणि तुमच्यातही नव्हतं. तुम्ही बरोबर वाजवत होता आणि मला ते कळत होतं. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने घड्याळ पाहिलं, एवढ्यावर मी खोटं बोललो, आणि नंतर तुम्ही विचारलंत तेव्हा पुन्हा बोललो. माझं चुकलं. मला क्षमा करा.